दुसरी मान्यता

पप्पा गेल्यानंतर त्यांचा पहिला शेरा मला आला, तो मदतीच्या पानावरच्या एका शब्दाबद्दल. मी लिहिलं होतं, 'पेटीचं झाकण शक्यतो बंद ठेवा.' शेरा असा होता: 'शक्यतो काढ. जिला हे पान उघडावं लागलंय, तिला आधीच काही सुचत नाहीये. तिच्यापुढे पर्याय ठेवू नकोस.'

मी शब्द काढला, पान परत पाठवलं आणि चहा करायला उठले. ऑफिसातली शलाका माझ्यामागून चहाच्या ओट्यापर्यंत आली. मी कपात साखर घालते आहे, रडत नाही, एवढी खात्री करून ती परत गेली.

शेरा पप्पांनी लिहिलेला नव्हता. तरी तो त्यांचा होता. हे कसं, ते आधी सांगायला हवं.

आमची कंपनी सांगली-मिरज रस्त्यावर, एका टाइल्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. आम्ही 'ऊब' नावाचं सॉफ्टवेअर करतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना ज्या काचेच्या पेटीत ठेवतात, तिच्यातली उष्णता, दमटपणा आणि प्राणवायू ते सांभाळतं, आणि काही बिघडलं तर भोंगा वाजवतं. पेट्या दुसरे लोक बनवतात, त्यांच्यातली अक्कल आमची. जत-आटपाडीपासून पलीकडे विजापूरपर्यंत लहान लहान दवाखान्यांत ती चालते. मोठ्या इस्पितळांना आमची गरज नसते.

पप्पांनी, म्हणजे सुकुमार मगदूम यांनी, ही कंपनी इरफानभाई मुजावर यांच्याबरोबर सुरू केली. मी कोड लिहीत नाही. मी साहित्य शिकले, काही वर्षं पुण्यात शिकवलं आणि मग परत येऊन इथे पडद्यावर दिसणारी वाक्यं, मदतीची पानं आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर जाणारं पत्रक लिहायला लागले. ऑफिसात मी त्यांना सर म्हणत असे, घरी पप्पा. जिन्यात पंचाईत व्हायची.

अशा यंत्राचं सॉफ्टवेअर बाहेर सोडायचं तर दोन मान्यता लागतात. पहिली ज्यांनी लिहिलं त्यांची. दुसरी अशा परीक्षकाची, ज्याने त्यातली एक ओळही लिहिलेली नाही आणि ज्याचं नाव परवाना खात्याच्या यादीत आहे. दुसरी मान्यता कायम पप्पांची. ती देता यावी म्हणून त्यांनी स्वतः कोड लिहिणं सोडून दिलं होतं, आणि मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातला तेवढाच एक त्याग त्यांनी कधी बोलून दाखवला.

ते आपल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून हरकती लिहायचे. पानंच्या पानं. ऑफिसात याला 'धुलाई' म्हणत. नव्याने आलेल्या मुलांना इरफानभाई सांगायचे की सरांच्या हरकती आल्या तर घाबरू नका, हरकत आली नाही तर घाबरा, कारण मग त्यांनी वाचलेलंच नाही. दुरुस्ती झाली की नव्या हरकती, पुन्हा दुरुस्ती. आणि मग एके दिवशी खुर्ची मागे सरकल्याचा आवाज यायचा. सर उठून ज्याचं काम असेल त्याच्या टेबलाशी येत, त्याच्या खुर्चीमागे उभे राहत आणि म्हणत, "चला, सोडा." मान्यतेचं बटण तोच दाबायचा, आपल्याच यंत्रावरून, सरांच्या नावाने. ज्याने हरकती सोसल्या त्यालाच बटण दाबायचं सुख मिळावं, अशी त्यांची पद्धत. त्यांच्या नावाची चावी आमच्या सगळ्यांकडे होती. हे नियमात बसत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि इतक्या वर्षांत ते आम्ही विसरूनही गेलो होतो.

प्रत्येक आवृत्तीबरोबर 'ज्ञात दोष' या मथळ्याचं एक पान जायचं. आम्हाला माहीत असलेले, पण अजून काढता न आलेले दोष. गिऱ्हाइकाला आपले दोष कशाला सांगायचे, असं एका विक्रीवाल्याने विचारलं होतं. पप्पांनी त्याला बसवून घेतलं आणि सांगितलं की दोष संपले म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर बाहेर जात नाही. उरलेले कुठले ते आपल्याला माहीत असतं, आणि त्यांच्यासकट ते जुन्यापेक्षा बरं असतं, म्हणून जातं. ज्याचं हे पान कोरं, ते कुणी तपासलेलं नाही.

आता छायेबद्दल.

छाया म्हणजे माणसाची नक्कल नव्हे. तिला चेहरा नसतो, आवाज नसतो, ती गप्पा मारत नाही. ती एकच गोष्ट शिकते: या माणसापुढे अमुक काम ठेवलं तर तो कुठे अडेल. पप्पांनी तपासलेला सगळा कोड, त्यावरचे शेरे, शेऱ्यांनंतर झालेले बदल, कुठल्या ओळीशी ते किती रेंगाळले, हे सगळं आमच्या यंत्रांवर साठलेलं होतं. गणित त्यातून वजनं शोधतं. या माणसाच्या लेखी वेगाला किती वजन, सुरक्षिततेला किती, नव्या पोराच्या हुशारीवर त्याचा भरवसा किती. एकाच परीक्षकाने वर्षानुवर्षं तपासलेले पेपर पाहिले, तर पुढच्या पेपरला तो किती गुण देईल हे सांगता यावं, तसं. फक्त इथे गुणांबरोबर शेराही येतो, त्याच माणसाच्या भाषेत.

अनुभवी परीक्षक कमी पडायला लागले तेव्हा परवाना खात्याने नियम केला, की प्रमाणित छायेची मान्यता ही त्या माणसाचीच मान्यता धरावी. त्याच्या वारसाची संमती असेपर्यंत.

बंगळूरूच्या एका कंपनीने पप्पांची छाया बनवली. तेव्हा ते इस्पितळात होते आणि परत येणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. करारनामा त्यांनी पलंगावर उशीला टेकून वाचला, त्यावर हरकती काढल्या, आणि कंपनीने तो दोनदा बदलून पाठवला. वारस म्हणून त्यांनी माझं नाव घातलं. मग चष्मा काढून पोटावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चला, सोडा."

मी म्हटलं, "हो, सर."

त्यानंतर ते पाण्याबद्दल आणि पंख्याबद्दल बोलले. पण माझ्या हिशेबी ते शेवटचं.

छायेपुढे आलेलं पहिलं मोठं काम शलाकाचं होतं. शलाका गुरव आमच्यातली सगळ्यांत धाकटी. तिने भोंगा नव्याने लिहिला होता. जुना भोंगा एकेका तारेचं ऐकतो. बाळाने पाय झाडला आणि त्वचेवरची तार सैल झाली की तो कोकलतो, मग नर्स धावते, तार चिकटवते, पुन्हा तेच. शलाकाचा भोंगा त्वचेची उष्णता, छातीची हालचाल आणि पेटीतली हवा यांचं एकत्र ऐकतो आणि तिन्ही मिळून काही वाईट सांगत असतील तरच वाजतो. चाचण्यांत तो जुन्यापेक्षा कितीतरी बरा ठरला होता.

छायेच्या पहिल्या हरकती अचूक होत्या. शलाकाने त्या छापून भिंतीला लावल्या. 'दोन तारा एकदम सुटल्या तर?' 'वीज जाऊन आली की पहिल्या मिनिटात कुणाचं ऐकायचं?' इरफानभाई ते वाचून म्हणाले, "सर असेच धुवायचे." सगळे कामाला लागले. दुरुस्त्या झाल्या, नव्या हरकती आल्या. पुन्हा दुरुस्त्या. उन्हाळा सरला, गणपती झाले.

कुणी कुरकुरलं नाही. धुलाई चालू होती म्हणजे सर कोपऱ्यात होते. मी तर काहीबाही पाठवायला लागले होते. जुन्या पानांतले स्वल्पविराम, पडद्यावरची सूचना दोन तऱ्हांनी. एकदा पाण्याच्या फिल्टरवर चिकटवायची चिठ्ठी पाठवली. तिच्यावरही शेरा आला: 'कृपया दोनदा आहे. एकदा विनंती केली की पुरे.' मी तो वाचला आणि चिठ्ठी चिकटवली. आत काही हललं नाही. दात काढताना हिरडीला सुई देतात, त्यानंतर आपण गालाला हात लावून बघतो, तसं मी हे करत होते.

दिवाळीच्या आधी मला जतला जावं लागलं. पत्रक लिहिण्यापूर्वी एखाद्या दवाखान्यात दिवसभर बसायचं, ही पप्पांनीच घालून दिलेली शिस्त. तिथल्या नर्स सुवार्ता सकटे. ठेंगण्या, भराभर चालणाऱ्या, बोलताना हात पुसत राहणाऱ्या. त्यांनी मला आत नेलं आणि न विचारताच पेट्यांची मागची बाजू दाखवली. भोंग्याच्या जाळीवर कापसाचा जाड बोळा आणि त्यावर चिकटपट्टीचे थर. चारही पेट्यांना.

"मॅडम, बाळानं तंगडी हलवली तरी बोंबलतोय तुमचा भोंगा," त्या म्हणाल्या. "मी एकटी. कितींदा पळू?"

मी वहीत काही लिहिलं नाही. त्यांनी पुढे सांगितलं, की मागच्या आठवड्यात एक बाळ गार पडलं होतं. पेटीतला हीटर बंद पडला होता. भोंगा वाजत होता, पण कापसातनं ऐकू आला नाही. शेजारच्या पेटीशी आल्या होत्या म्हणून त्यांनी सहज काचेच्या झरोक्यातून हात घालून बाळाच्या पायाला लावला. बाळ वाचलं, घरीही गेलं. हे सांगताना त्यांनी तो हात पुन्हा पुसला.

नवीन कधी येणार, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की तपासणी चालू आहे, आमचे परीक्षक फार काटेकोर आहेत.

"तपासा की," सुवार्ताबाई म्हणाल्या. "खरं तुमचं तपासून होईस्तोवर आमची बाळं काय पोटातच थांबणार हायत?"

जतची घटना मी जशीच्या तशी लिहून छायेपुढे ठेवली. मला वाटलं होतं, हिचं वजन पडेल. उत्तर आलं: 'घटना गंभीर आहे. म्हणूनच घाई नको. नवा भोंगा चुकून गप्प राहिला तर काय, याच्या चाचण्या अपुऱ्या.' हेही बरोबर होतं. प्रत्येक शेरा बरोबर होता, हीच तर अडचण होती. बरोबर शेऱ्यांची ती माळ संपत नव्हती, आणि जतला कापूस तसाच होता.

आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवायची रीत आहे. त्या रविवारी मम्मी पोळ्या करत होती आणि मी ताटं घेत होते. ती छायेला 'तुमच्या ऑफिसातले ते' म्हणते. ऑफिसातले ते सध्या काय म्हणतात, असं तिने विचारलं. मी सांगितलं. धुलाई, जत, कापूस, सगळं सांगितलं. ती पोळी उलटत ऐकत होती.

"आणि 'हो' कधी म्हणतात?"

अजून एकदाही म्हणाले नाहीत, असं मी म्हटलं.

"कशालाच?"

मी आठवून पाहिलं. पाण्याच्या फिल्टरवरच्या चिठ्ठीलासुद्धा नाही. दुरुस्त करून चिठ्ठी मी परत पाठवली होती, तर आणखी एक शेरा आला होता, अक्षराच्या आकाराबद्दल.

"मग ते तुझे पप्पा नव्हेत," मम्मी म्हणाली. तिने गॅस बारीक केला. "मी साडी नेसून बाहेर आले की पिन दिसतीय, निऱ्या वर गेल्यात, असलं एकेक काढायचे. खरं मग काय करायचे? खाली जाऊन स्कूटर चालू करायचे. तोच त्यांचा 'हो'. 'छान दिसतेस' ऐकायला थांबले असते तर जन्मभर दारातच उभी राहिले असते की मी."

ती हसली, आणि मग पोळी करपल्याचा वास आला म्हणून आम्ही दोघी तव्याकडे वळलो.

सोमवारी मी बंगळूरूला फोन लावला. पलीकडे हुक्केरी नावाचे बेळगावचे गृहस्थ होते, मराठी बोलणारे, सौम्य. मी विचारलं की छायेने आजवर एकही मान्यता का दिली नाही. त्यांनी नोंदी उघडल्या. थोड्या वेळाने म्हणाले, "मॅडम, तुमच्या वडिलांच्या शिकवणीच्या साठ्यात मान्यता जवळजवळ नाहीतच."

मी म्हटलं की ते शक्य नाही, इतक्या आवृत्त्या बाहेर गेल्या आहेत.

मग त्यांनी समजावलं. छाया एकाच माणसाच्या मताची असावी, म्हणून शिकवण्याआधी साठा गाळून घेतात. प्रत्येक माणसाची कळा दाबण्याची एक लय असते, बसण्याची जागा असते, यंत्र असतं. जी कृती त्याच्या नावावर आहे पण त्याच्या हातची नाही, ती अशुद्ध म्हणून काढून टाकतात. हरकती सगळ्या सरांच्या हातच्या होत्या. मान्यता सगळ्या दुसऱ्यांच्या हातच्या निघाल्या.

"आम्हाला वाटलं, कुणीतरी सरांच्या नावाचा गैरवापर करत होतं," हुक्केरी म्हणाले. "तसं तुमच्या कंपनीला कळवलं होतं आम्ही."

म्हणजे गणिताने एक असा माणूस पाहिला, जो आयुष्यभर नाही म्हणत आला. त्याने ते नीट, जसंच्या तसं शिकून घेतलं. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज कुठल्याच साठ्यात नव्हता.

मी इरफानभाईंच्या खोलीत गेले. शलाका तिथेच होती. मी सांगितलं ते ऐकून इरफानभाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बंगळूरूचं ते पत्र त्यांनी वाचलं होतं. त्यांना उलट बरं वाटलं होतं, नियमाबाहेरच्या नोंदी आपोआप निघून गेल्या म्हणून. "घरात पाहुणे यायच्या आधी पसारा पलंगाखाली ढकलावा, तसं झालं," ते म्हणाले.

छाया पुन्हा शिकवता येईल का, हेही मी हुक्केरींना विचारलं होतं. येणार नव्हती. कुठली मान्यता सरांनी तोंडी दिलेली आणि कुठली कुणी परस्पर दाबलेली, हे आता कुणालाच सिद्ध करता येत नव्हतं. उरला एकच मार्ग, मी संमती काढून घेण्याचा. पण कारण लिहून द्यावं लागणार होतं, आणि कारणं दोन होती. 'कुटुंबाची इच्छा' असं लिहिलं तर छाया निर्दोष धरली जाते. तिच्या उरलेल्या हरकती कायम राहतात, नव्या परीक्षकाला त्या सगळ्या एकेक करून मिटवाव्या लागतात. त्यात वर्ष जाणार. छाया मुळातच चुकीची घडली, असं लिहिलं तर तिच्या हरकती रद्द होतात आणि नवा परीक्षक स्वतःच्या नजरेने तपासू शकतो. पण मग ती चुकीची का घडली, ते सांगावं लागतं. सुकुमार मगदूम या परीक्षकाने आपली मान्यता कधी स्वतः नोंदवली नाही, हे खात्याच्या यादीत त्यांच्या नावापुढे कायमचं लिहिलं जाणार.

इरफानभाई म्हणाले, "कुटुंबाची इच्छा लिही, पद्मजा. वर्ष लागू दे. माणूस गेलाय, त्याचं नाव तरी धुवायला नको."

शलाका इतका वेळ खिडकीशी उभी होती. तिने विचारलं, "सर माझ्यामागं उभं राहायचे. 'चला, सोडा' म्हणायचे. ते बटण मी दाबलं, ते काय खोटं होतं?"

"खोटं नव्हतं गं. नियमात नव्हतं."

"मग तसंच लिहू या की."

इरफानभाईंनी माझ्याकडे पाहिलं, कारण सही माझी लागणार होती. मी म्हटलं की मी जतला जाऊन आले आहे. तिथे वर्षभर थांबता येणार नाही.

निवेदन मी त्याच दुपारी लिहायला घेतलं. एक पान झालं. सवयीने बोटं गेली आणि ते पान तपासणीला गेलं. पाठवल्यावर लक्षात आलं, की त्यांची छाया बंद करण्याची विनंती मी त्यांच्याच छायेला तपासायला दिली आहे. परत घेता आलं असतं. मी घेतलं नाही.

पहिला शेरा: 'दुसऱ्या वाक्यात बहुधा हा शब्द आहे. माहीत असेल तर सांग, नसेल तर वाक्य काढ.' मला माहीत होतं. मी तो शब्द काढला.

'आपुलकीने हा शब्द तुझं मत आहे. काय घडायचं ते लिही.' मी लिहिलं: ते उठून येत. खुर्चीमागे उभे राहत. 'चला, सोडा' म्हणत. मग काम करणारा बटण दाबे.

'हे पाहिलं कोणी?' मी आमची सगळ्यांची नावं घातली, माझंही.

मग पुढचा आला. 'या पद्धतीचा दोष पूर्ण संघावर टाकला आहे. मान्यता नोंदवणं ही परीक्षकाची जबाबदारी. दोष परीक्षकाचा आहे. तसं स्पष्ट लिही.'

मी उठून खिडकीपाशी गेले. खाली टाइल्सचा ट्रक रिकामा होत होता, दोन माणसं खोकी हातोहात देत होती. ट्रक रिकामा होईपर्यंत मी बघत राहिले. मग बसून लिहिलं: 'हा दोष परीक्षक सुकुमार मगदूम यांचा होता.' वाक्य लहान होतं आणि त्यात काढण्यासारखं काही नव्हतं.

'छाया बंद झाल्यावर दुसरी मान्यता कोण देणार?' मी इरफानभाईंचं नाव लिहिलं. खात्याच्या यादीत त्यांचंही नाव होतं, आणि भोंग्याची एकही ओळ त्यांनी लिहिलेली नव्हती.

आता निवेदन चांगलं झालं होतं. मी एकटीने लिहिलं असतं त्यापेक्षा कितीतरी चांगलं. मी ते परत पाठवलं आणि वाट पाहिली. कोपऱ्यातलं टेबल तिथेच होतं, खुर्ची आत सारलेली. पडद्यावर शेरा आला: 'शेवटचं वाक्य लांब आहे. दोन कर.'

मी ते वाक्य वाचलं. लांब होतं खरं. ते दोन केलं असतं तर आणखी एक शेरा आला असता, आणि तोही बरोबर असता, आणि मी दिवेलागणीपर्यंत तिथे बसून राहिले असते, उद्याही, परवाही. मला ते चाललं असतं. त्याचीच मला भीती वाटली.

वाक्य मी लांबच ठेवलं. उठले, माझी खुर्ची मागे सारली, तिच्यामागे जाऊन उभी राहिले. खुर्चीवरून हात पोचतो का बघितलं. पोचत होता. वाकून मी खात्याकडे पाठवायचं बटण दाबलं.

काही दिवसांनी खात्याचं उत्तर आलं. पडद्यावर जिथे शेरे यायचे तिथे एक ओळ दिसू लागली: परीक्षक उपलब्ध नाही. ते शब्द माझेच होते, पूर्वी कधीतरी लिहिलेले. खात्याच्या यादीत पप्पांच्या नावापुढे नोंद चढली, आणि तिच्यातलं वाक्य आमच्या निवेदनातून जसंच्या तसं घेतलं होतं. मम्मीला मी ते वाचून दाखवलं. तिने विचारलं, खरं आहे ना. मी होय म्हटलं. मग तिने वाटाणे सोलायला माझ्यापुढे सरकवले.

इरफानभाईंनी भोंगा तपासायला घेतला. त्यांच्या हरकती लहान असत, स्पेलिंग चुकलेल्या, आणि त्यांतल्या दोन अशा निघाल्या की शलाका दोन दिवस यंत्रापुढून उठली नाही. तिने त्या मिटवल्या. उरलेले तीन-चार दोष ज्ञात दोषांच्या पानावर गेले. मग एका सकाळी इरफानभाई आपल्या खोलीतून बाहेर आले, टेबलांमधून वाट काढत शलाकाच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. सगळ्यांचे हात थांबले.

"चला, सोडा," ते म्हणाले.

शलाकाचा हात उठला आणि तसाच राहिला. तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्याही लक्षात आलं. "अरे हो," असं पुटपुटत ते वळले आणि आपल्या टेबलाकडे परत चालू लागले, स्वतःच्या हाताने दाबायला. जागा फार लांब नाही. पण ते पोचेपर्यंत शलाका उभी राहिली होती, घरातलं कुणी गाडीत बसेपर्यंत आपण फाटकाशी उभे राहतो तशी.

पत्रक मी लिहिलं. ज्ञात दोषांत पहिली ओळ अशी होती: 'पेटी हलवताना भोंगा शक्यतो हाताने तपासून घ्यावा.' पाठवायला कुणी नव्हतं. मी ते परत वाचलं आणि 'शक्यतो' काढलं.

आठवड्याने मी जतला फोन केला. नवीन आलं का, चालतंय का. सुवार्ताबाईंनी सांगितलं, आलंय, कापूस काढलाय, पण पट्टी अजून खिशात ठेवलीय, भरवसा बसेपर्यंत. मग म्हणाल्या, "थांबा जरा," आणि त्यांच्या चपलांचा आवाज आला, दार ढकलल्याचा आला. त्यांनी फोन पेटीजवळ धरला असावा. मी कान देऊन ऐकलं. हवेची बारीक घरघर होती. दुसरं काही नाही.

"ऐकलासा?" त्यांनी विचारलं.

"होय," मी म्हटलं, आणि त्या फोन ठेवीपर्यंत ऐकत राहिले.